वीस मिनिटांची रीत

नाक मुरडू नका, मित्रांनो, आणि बोटंही मागे घेऊ नका. मी भाजी चिरणाऱ्यांतली नाही. मी रंग कालवायची सुरी आहे. आता जुनी झालेय, मूठ तेलकट झालीय, पण बोलण्यात अजून कोणाला हार जाणार नाही. तैलरंगात काम करणाऱ्याच्या हातात मी दोन कामं करते. पॅलेटवर रंगात रंग कालवते, आणि चित्र नको असलं की फळीवरचा ओला रंग खरडून काढते. पहिल्या कामाबद्दल लोक माझं कौतुक करतात. मला विचाराल तर दुसरंच जास्त आवडायचं. लपवाछपवी कशाला?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पोलादाची पातळ पट्टी तापवायची, ठोकायची, पुन्हा तापवायची आणि लाकडी मुठीत पितळेच्या कड्याने बसवायची. शेवटी कारागीर प्रत्येक सुरी वाकवून बघायचा. वाकून पुन्हा सरळ झाली तर पास. माझ्या आधीची वाकली ती वाकलीच राहिली. त्याने मान न वळवता तिला मागच्या भंगारात भिरकावलं. ते बघून मी अशी काही सरळ झाले म्हणता, की कारागीर म्हणाला, "ही चांगली आहे." आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक.

मला विकत घेतलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे पाट्या रंगवणारे पेंटर. दुकानांच्या पाट्या, डॉक्टरांचे फलक आणि लोकांच्या बैठकीत लावायची वाडवडिलांची मोठी तैलचित्रं. हाताखाली पाच-सहा शिकाऊ पेंटर असायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. त्यांच्याकडे एक रीत होती. शिकणाऱ्याने रोज एक वस्तू समोर ठेवायची, वीस मिनिटांत ती तैलरंगात रंगवायची आणि घंटा झाली की स्वतःच्या हाताने खरडून टाकायची. पहिली शंभर चित्रं अशीच जायची. "चित्राच्या प्रेमात पडलात की हात थांबला म्हणून समजा," मास्तर सांगायचे. रीत वाईट नव्हती. तिने भल्याभल्यांचा हात मोकळा झाला. एका शिकाऊ पेंटरला तर खरडताना रडू यायचं, आणि त्याचं रडू बघून मला गुदगुल्या व्हायच्या.

त्या सगळ्यांत हुशार निघाली मास्तरांची स्वतःची मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल. घरात आणि गल्लीत ती ठकी. शंभर चित्रं तिने हूं की चूं न करता खरडली आणि मग जी काही चित्रं काढली ती बघायला गिऱ्हाईकं दुकानाची पाटी विसरून आत यायची. पुढे ती दुसऱ्या गावी जाऊन स्वतःची चित्रं काढू लागली. जाताना मला घेऊन गेली. तिची ती सहा वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली. सकाळी कालवायचं, दुपारी खरडायचं, संध्याकाळी ती मला मऊ कापडाने पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायची.

मग मास्तर शिडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं आणि जोडलं गेलं तेही वाकडं. वॉकर धरून मोरीपर्यंत जाता यायचं, एवढंच. आई नव्हती. ठकी महिनाभरासाठी म्हणून आली आणि अकरा वर्षं राहिली. मला एका पत्र्याच्या डब्यात टाकलं गेलं. पात्यावर शेवटचा हिरवा रंग होता, तो तसाच वाळून खपली झाला. शेजारी ब्रश होते, ते काठीसारखे कडक झाले. मधे एकदा पालीने आमच्यात अंडी घातली. डब्याच्या फटीतून मला बाहेरचं ऐकू यायचं. "ठके, पाणी." "ठके, उशी." "ठके, मेलीस का?" बाहेर तीही वाळतच होती. पण खोटं कशाला बोलू, मला तिची दया आली नाही. मला माझीच दया यायची.

गेल्या वर्षी शेजारच्या काकूंनी आमचा डबा उघडवला. काकू रोज दुपारी वर्तमानपत्र घेऊन मास्तरांपाशी बसायच्या आणि बातम्यांपेक्षा जाहिरातीच मोठ्याने वाचायच्या.

"अगं ठके, इकडे ये आधी! चित्रशाळेत शिक्षिका हवी आहे. तैलरंगाची. राहायला खोलीसुद्धा देणार आहेत म्हणे."

"काकू, मी ब्रश धरून अकरा वर्षं झाली."

"मग? पोहता येणारा माणूस पाण्यात पडल्यावर विसरतो होय?"

जाहिरातीत परीक्षेची माहिती होती. समोर ठेवलेली वस्तू, तैलरंग, वीस मिनिटं. फळी आणि साहित्य आपलं आपण आणायचं. परीक्षेला तीन महिने होते. ठकीने भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, "तुझं काम झालं तर बाबांना मी घेऊन जातो. आता माझी पाळी." मास्तरांनी कॉटवरून सगळं ऐकलं. भावाचं घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. एकदा वर चढवलं की मास्तर पुन्हा खाली यायचे ते चौघांच्या खांद्यावरच. शिवाय सुनेचं आणि त्यांचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य. चहा बशीत ओतताना थोडा सांडला.

दुसऱ्या दिवशी ठकीने मला घासून काढलं. हिरवी खपली निघेना, तेव्हा तिने ब्लेडने काढली. दुखलं. पण पात्याला उजेड लागला आणि माझं मला हसू आलं.

सराव मास्तरांच्याच खोलीत सुरू झाला, कारण खिडकीचा उजेड तिथेच होता. तीन रंग आणि पांढरा. एकच रुंद ब्रश. मारलेल्या फटकाऱ्याला पुन्हा हात लावायचा नाही. स्वयंपाकघरातलं टिकटिक करणारं चावीचं घड्याळ वीस मिनिटांवर पिळून ठेवायचं. पहिल्या दिवशी तिने लिंबू ठेवलं. वीस मिनिटं घाम गाळला आणि फळीवर बटाटा उगवला.

"हे लिंबू?" मास्तर कॉटवरून म्हणाले. "पिळलं तर माती निघेल."

"अकरा वर्षांनी धरलाय ब्रश, बाबा."

"मग अकरा वर्षांनी खरड. रीत ती रीत. ठेवण्याजोगं झालं की मीच सांगेन."

तिने मला उचललं आणि खरडलं. ओल्या रंगातून मी लोण्यातून जावं तशी गेले. काय सांगू मित्रांनो, अकरा वर्षांच्या उपाशी माणसाला विचारा जेवण कसं लागलं म्हणून.

त्यानंतर रोज. कांदा, फाटका बूट, गोळ्यांची पाकिटं, साबणाची झिजलेली वडी. ठकी मास्तरांची आंघोळ उरकायची, भांडी घासायची आणि हात पुसत फळीपुढे उभी राहायची. एकदा तिने पेल्यात ठेवलेली मास्तरांची कवळी रंगवली. काकू हसून हसून भिंतीला टेकल्या.

"अगं बाई, ही आता बोलेल गं!"

"बोलली तर शिव्याच देईल," ठकी म्हणाली आणि कितीतरी वर्षांनी स्वतःच खुदकन हसली.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी पेल्यातून कवळी काढली, तोंडात बसवली आणि म्हणाले, "खरड."

साधारण पन्नासाव्या दिवशी तिचा हात सुटला. हे सगळ्यांत आधी मला कळलं. ती रंग कालवताना आता घुटमळत नव्हती. लागेल तेवढाच घ्यायची, दोनदा उलटसुलट करायची आणि पुढे. त्या दिवशी समोर स्टीलचा पेला होता. स्टीलला स्वतःचा रंग नसतो, आजूबाजूचा सगळा तो अंगावर घेतो. तिने डोळे बारीक केले आणि त्या पेल्यात खिडकी आणली, कॉटची लाल चादर आणली, आणि अगदी कडेला एका फटकाऱ्यात कॉटवरचा म्हाताराही आणला. मास्तर पाव खात होते. त्यांचं चावणं थांबलं.

मी रंगात आयुष्य काढलंय. चांगलं चित्र बघितल्यावर पेंटरचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक आहे. मास्तरांचं तसं झालं होतं. घंटा वाजली.

"खरड," ते म्हणाले.

"अहो मास्तर, जीव आहे की हो त्या पेल्यात!" काकू उठून उभ्या राहिल्या. "एवढा एक तरी राहू द्या तिला."

"तुम्हाला भाजीतलं मीठ कळतं. त्याच्या पुढचं कळायला लागलं की सांगा."

ठकीने एकवार वडिलांकडे पाहिलं. मग तिने खरडलं. ती ब्रश धुवायला आत गेल्यावर काकू पुटपुटल्या, "तुम्ही मुद्दाम करताय."

"ती गेली तर मला चौथ्या मजल्यावर चढवतील," मास्तर हळूच म्हणाले. "सून सकाळी जेवण झाकून कामाला जाणार. तुम्ही येणार आहात तिथे पेपर वाचायला?"

काकूंनी पेपरची घडी घातली. म्हातारा घाबरला होता. घाबरलेला माणूस काय वाटेल ते करतो.

त्या दिवसापासून मास्तरांनी घड्याळ स्वतःच्या हातात घेतलं आणि रीतही कडक केली. आधी घंटा झाल्यावर ठकी दोन पावलं मागे सरून चित्र न्याहाळायची, काय चुकलं ते बघायची आणि मग खरडायची. मास्तरांनी ते बंद केलं. "बघितलं की मोह होतो. घंटा झाली की हात सुरीवर. विचार करायचा नाही." कधी ते वीस मिनिटांनी घंटा वाजवायचे, कधी अठराव्या मिनिटालाच घड्याळ शून्यावर पिळून मोकळे व्हायचे. तिचा हात क्षणभर जरी अडखळला तरी म्हणायचे, "पुन्हा." मग पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा घंटा, पुन्हा खरड. काही दिवशी तीन-तीन वेळा. शेवटी शेवटी घंटेचा पहिला टण ऐकू येताच तिची बोटं आपोआप माझ्या मुठीभोवती यायची. ब्रश खाली पडायच्या आत मी फळीवर असायचे. मास्तर म्हणायचे, "आता कसं!" आणि ठकीला ते शब्द औषधासारखे लागायचे. अकरा वर्षांत त्यांनी तिला दुसरं काही चांगलं म्हटलं नव्हतं.

मास्तरांना पुढचं दिसत होतं का, हे मला विचारू नका. मला ठाऊक नाही. मी फक्त सुरी. आणि दिवसातून तीनदा खरडायला मिळत होतं, तेव्हा माझी तक्रारही नव्हती.

परीक्षेच्या दिवशी ठकीने इस्त्रीची साडी नेसली. मास्तरांचं जेवण झाकून ठेवलं, काकूंना बसवलं आणि पिशवीत मला घेऊन निघाली. चित्रशाळेचा वर्ग उंच छताचा होता. सहा उमेदवार, फळ्या टेकवायचे सहा लाकडी घोडे, मधोमध स्टुलावर एक चेपलेली अॅल्युमिनियमची किटली. परीक्षक चष्मेवाले, मऊ बोलणारे. त्यांनी टेबलावर घड्याळ पिळून ठेवलं. तेही टिकटिक करणारं.

ती जी रंगवायला लागली, मित्रांनो! किटली चेपलेली कुठे आणि का, कोणाच्या हातून पडली असेल, किती वर्षं तापली असेल, सगळं त्या सोळा-सतरा फटकाऱ्यांत आलं. परीक्षक फिरत फिरत तिच्यामागे आले आणि तिथेच थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. बाकीच्यांकडे बघायचंच विसरले. शेजारचा तरुण उमेदवारही मान लांब करून पाहायला लागला. त्याच्या फळीवर भोपळा झाला होता. मी पॅलेटवर पडून सगळं बघत होते, आणि शपथेवर सांगते, जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की आज मला काम नको.

घंटा वाजली.

पहिल्या टणालाच तिची बोटं माझ्या मुठीवर आली. मी काय करणार? मला ब्रेक नाहीत. वरून खाली एक, आडवा एक, वरून खाली एक. तीन हात. परीक्षक "अहो, अहो बाई!" म्हणेपर्यंत फळीवर राखाडी डाग उरला होता आणि अख्खी किटली माझ्या अंगावर होती.

ठकीने माझ्याकडे पाहिलं, मग फळीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"हे काय केलंत तुम्ही?" परीक्षक फळीवर वाकून म्हणाले.

"सवय," ती म्हणाली. "मला पाच मिनिटं द्या. फक्त पाच. मी पुन्हा काढते."

"कसं देऊ हो? बाकीच्यांवर अन्याय होईल. मी पाहिलंय, पण समितीपुढे फळी ठेवावी लागते. माझे डोळे कसे ठेवू?"

कोणीतरी फिसकन हसलं. भोपळेवाल्याची निवड झाली. त्याने जाताना ठकीला "वाईट वाटलं हं, मॅडम" म्हटलं आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला.

घरी मास्तर उशीला टेकून बसलेच होते. "काय झालं?" ठकीने उभ्या उभ्या सांगितलं. मास्तरांना हसू फुटलं. इतके हसले की ठसका लागला, काकूंनी पाणी दिलं. "म्हणजे शिकवलेलं अंगात मुरलं म्हणायचं!" ते डोळे पुसत म्हणाले. त्यांची सुटका झाली होती आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं. ठकीने साडी बदलली आणि स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी तिने मला पुसलंही नाही. किटली माझ्या पात्यावर रात्रभर होती.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला तिने मला स्वच्छ केलं आणि घोडा कॉटपुढे मांडला. समोर वस्तू नव्हती.

"आज काय?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही. हलू नका."

म्हातारा खूश झाला. उशी सारखी केली, केसांवरून हात फिरवला. चेहऱ्यावर कालचं समाधान अजून ताजं होतं, आणि ठकीने तेच रंगवलं. जबड्याची पकड, ओठांचा कोपरा, डोळ्यांतली ती भिऊन जिंकलेली चमक. एकही फटकारा खोटा नव्हता. माझ्याकडून तिने कातडीचा रंग असा कालवून घेतला की मलाच कसंतरी झालं. घड्याळ वाजलं. तिची बोटं माझ्या मुठीवर आली, आणि थांबली. तिने दुसऱ्या हाताने ती एकेक करून सोडवली.

"खरड," मास्तर म्हणाले.

तिने मला कापडाने पुसलं, तेलाचा हात फिरवला आणि मास्तरांच्या औषधांशेजारी ठेवून दिलं. मग समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्या खिळ्यावर फळी लटकवली. कॉटवरून नजर उचलली की सरळ तिथेच जाईल अशी.

"हे काय? काढ ते."

"अकरा वर्षं मी तोच चेहरा बघतेय, बाबा. थोडे दिवस तुम्ही बघा."

त्यानंतर ती रोज दुपारी नवी फळी घेऊन बाहेर जायला लागली. वीस मिनिटं रस्त्यावर, बसथांब्यावर, कुठेही. रंग ती ब्रशनेच कालवायची. काढलेलं घरी आणून स्वयंपाकघरात रांगेने उभं करायची. मला कधी नेलं नाही. मास्तरांना पाणी वेळेवर मिळायचं, जेवण वेळेवर, आंघोळ वेळेवर. बोलणं मात्र बंद. काकूंनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "अगदी हुबेहूब हो! मनातलंसुद्धा पकडलंय पोरीने." मास्तरांनी त्या दिवशी पेपर ऐकला नाही. कुशीवर वळायचे, तर वाकडा खुबा दुखायचा आणि पुन्हा उताणं व्हावं लागायचं. उताणं झालं की समोर तो चेहरा.

दीड महिन्याने एका दुपारी, ठकी बाहेर आणि काकू अजून यायच्या असताना, मास्तरांनी मला उचललं. वॉकर ढकलत भिंतीपर्यंत गेले. धाप लागली होती. मला चित्रातल्या तोंडावर टेकवलं आणि जोर लावला. पण तैलरंग एवढ्या दिवसांत वाळून दगड होतो, आणि हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी त्यांनी मला रेटलं. मी वाकले. आणखी वाकले. आणि मग मधोमध मोडले.

ठकी आली तेव्हा ते वॉकरला धरून उभेच होते, हातात माझी मूठ. चित्रावर ओठाजवळ एक बारीकसा ओरखडा, बस्स.

"ठके, उतरव गं ते," ते म्हणाले. आवाजात मास्तर राहिलेच नव्हते. "मी हात जोडतो."

तिने त्यांना दंडाला धरून कॉटवर नेलं, पाय वर घेतले, पांघरूण घातलं. पाणी दिलं. मग खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली आणि दोघं मिळून त्या चित्राकडे बघत बसले. उतरवलं नाही. अजून तिथेच आहे.

मी मोरीजवळच्या डब्यात पडलेय, दोन तुकड्यांत. मला कोणाला दोष द्यायचा नाही, माझे हातही काही स्वच्छ नाहीत. पण मित्रांनो, रोज जे कराल ते नीट बघून करा. हाताला एकदा वळण लागलं की घंटा झाल्यावर तो तुम्हाला विचारायला थांबत नाही. आणि एक विनंती. मला टाकाल तेव्हा जाड कागदात गुंडाळून टाका. जन्मभर मी बोथट होते, पण मोडल्या जागी आता चांगलीच धार आलीय, आणि कचरा उचलणाऱ्या बाई हातमोजे घालत नाहीत.